पुलापलीकडची आई

"अहो, बंद रात्री आठपासून आहे ना? आत्ता कुठे अडीच वाजलेत!" शिंपीण धापा टाकत म्हणाली. एका हातात कपड्यांनी ठासून भरलेली बॅग, दुसऱ्या हातात आईच्या दोन महिन्यांच्या गोळ्या.

"आठपासून तुमच्या देशात, ताई. आमच्याकडे दोनलाच सुरू झालं," पुलाच्या मधोमध उभा असलेला शिपाई म्हणाला. सगळे त्याला मिशीवाला म्हणायचे. आज साथीमुळे लावलेल्या मास्कमागे मिशीच गडप झाली होती, त्यामुळे ओळखीचा माणूसही परका वाटत होता.

पूल तो केवढा! मोजून शंभर पावलं. अलीकडे तिचं घर, पलीकडे आईचं. गेली वीस वर्षं ती दिवसातून दोनदा तो ओलांडत होती, पण मध्ये देश बदलतो हे तिच्या ध्यानातही राहिलं नव्हतं. बातम्यासुद्धा तिनं सवयीनं आपल्याच बाजूच्या ऐकल्या. आता आईकडेच मुक्काम ठोकायचा असं ठरवून ती फक्त सामान न्यायला घरी आली होती. तासाभराचं तर काम!

"भाऊ, आई आत कोंडलेली आहे. तिला काही आठवत नाही, बाहेर पडली की भरकटते. म्हणून मी बाहेरून कुलूप लावून येते."

"शेजारीपाजारी?"

"कालच सगळे निघून गेले. मला नका सोडू, पण ही किल्ली तरी घ्या. तिसरं घर, निळं दार."

"तिकडच्या कुठल्याही वस्तूला हात लावायचा नाही, असा हुकूम आहे."

"आणि अंगावरची पँट? ती मीच शिवलीय ना? ती बरी चालते!"

मिशीवाल्यानं खाली पाहिलं. मग म्हणाला, "साहेबांना फोन लावतोय केव्हाचा. लागतच नाही."

शिंपिणीनं वाकून किल्ली जमिनीवरून सरकवली. ती खणखणत सीमेच्या पांढऱ्या रेषेपलीकडे त्याच्या बुटाशी जाऊन थांबली. तो दोन पावलं मागे सरला. त्याच्यामागचे दोघे शिपाई चांगली चार पावलं सरले.

किल्ली तिथंच पडून राहिली.

शेवटी तिनं आईला फोन लावला. बराच वेळ रिंग वाजत राहिली.

"कोण?"

"आई, मी गं! ऐक, टेबलावर डब्यात जेवण ठेवलंय, ते खा. गॅसला हात लावू नकोस. मी..."

"मी म्हणजे कोण?"

"अगं, तुझी मुलगी!"

पलीकडून हसल्याचा आवाज आला. "काहीतरीच काय! माझी मुलगी कधी फोन करत नाही, बाई. ती येते. ठेवा आता, मी दाराशीच बसलेय."