यशस्वी उड्डाणाचे पेढे

"वहिनी, उड्डाण यशस्वीच झालं," परदेशी रॉकेट कंपनीचे इथले अधिकारी कोटणीस म्हणाले. रॉकेट तळावरून उठलं, की पेढे वाटायची त्यांची पद्धतच होती. खोका अजून टेबलावर उघडा होता.

"आणि वरची झडप गोठली ती?" मृण्मयीने विचारलं.

"ती या रॉकेटची जुनी खोड. कक्षा जरा चुकली, इतकंच."

त्या चुकलेल्या कक्षेत तिचा नवरा फिरत होता. हवा शुक्रवारपर्यंतच पुरणार होती. उड्डाण फसल्याचं जाहीर केल्याशिवाय बचावयान निघत नव्हतं, आणि जाहीर केलं तर कंपनीचा लौकिक जात होता.

कडेवरच्या लेकीने पेढ्याकडे हात नेला. मृण्मयीने तो हात अलगद मुठीत घेतला. "बाबा आले की खाऊ हं, सोन्या."

मग तिने फोन कोटणीसांपुढे सरकवला.

"फसलं म्हणा. मी ऐकतेय."