जानूच्या नावाचं कारीट

"आजोबा, थांबा! पाय उचला आधी!" उर्विजा अंगणात धावत आली.

"अगं, फोडू दे की! वर्षातून एकदाच तर भेटतो मी त्या फितुराला."

दिवाळीच्या पहाटे अंगठ्याखाली कडू कारीट चिरडताना सगळे नरकासुराला आठवतात. केंकऱ्यांच्या घरी मात्र जानूला शिव्या घालत. पोर्तुगीजांनी गोव्यातली देवळं पाडली, तेव्हा सगळं घर देव घेऊन नदीपार पळालं आणि धाकटा जानू बाप्तिस्मा घेऊन मागे राहिला. साडेचारशे वर्षं झाली त्याला!

उर्विजाने शाळेतलं माती ऐकायचं यंत्र पायरीवर ठेवलं. भिंत लिंपताना झालेलं बोलणं ओल्या मातीत कोरलं जातं, हे आता पाचवीतल्या पोरांनाही ठाऊक होतं. तिने नदीपलीकडच्या मूळ घराच्या भिंतीचं ढेकूळ आत सरकवलं. खरखर झाली आणि जुन्या कोकणीत एक कोवळा आवाज आला.

"दादा, घर रिकामं दिसलं तर शिपाई होडीपर्यंत येतील. मी ही भिंत लिंपत राहतो, चूल पेटती ठेवतो, उद्या बाप्तिस्मा घेतो. तुम्ही मला चारचौघांत शिव्या घाला, म्हणजे माझा संशय येणार नाही."

"किती दिवस, जानू?" दादाने विचारलं.

"देव परत घरी येईपर्यंत."

देव कधीच परत गेले नव्हते.

आजोबांनी पाय मागे घेतला. अंगठ्याखालचं कारीट उचलून त्यांनी धोतराला पुसलं.

"शिव्या लक्षात ठेवल्या रे पोरा," ते म्हणाले, "तुलाच विसरलो."