बोलण्यावरून माणूस

“काकांना काही विचारू नका हं सर, त्यांचा घसा पार बसलाय,” प्राध्यापक गाडीत बसताच ग्रंथपाल म्हणाली. “काल गोदामातून खुर्च्या काढल्या ना, सगळी धूळ घशात गेली.”

गाडी चालवणाऱ्या तिच्या काकांनी गळ्यातल्या मफलरला हात लावला आणि ओशाळून हसले.

प्राध्यापक भाषाशास्त्राचे. दोन वाक्यं ऐकून माणूस कुठे आणि कुणाच्या हाताखाली वाढला, हे ते सांगत. वाचनालयाच्या व्याख्यानांना एरवी जेमतेम डझनभर डोकी, त्यातली निम्मी डुलक्या घेणारी. आज ‘बोलण्यावरून माणूस’ ऐकायला मंडळी दारापर्यंत उभी होती. ग्रंथपालनं मात्र हा घाट गर्दीसाठी घातला नव्हता.

ती शाळेत असताना तिच्या वडिलांना एका संध्याकाळी वाचनालयात फोन आला. ते गेले, ते थेट पुलाखालीच सापडले. पाय घसरला, असं पोलिसांनी ठरवून टाकलं. पण वाचकांनी पुस्तकं सांगून ठेवावीत म्हणून त्या फोनला निरोप टिपणारं यंत्र जोडलेलं होतं, आणि ते चालूच राहिलं होतं. त्यातली कॅसेट तिला यंदा माळा आवरताना मिळाली. फडक्याआडून आलेला, मुद्दाम घोगरा केलेला आवाज: “तुम्ही लगेच… या. पुलापाशी थांबतो.”

वाचनालयामागची त्यांची वडिलोपार्जित जागा गावातल्या ठेकेदाराला हवी होती आणि वडील ती देत नव्हते. ते गेल्यावर काकांनी ती नाइलाजानं विकली. पोरक्या पुतणीला शिकवायचं होतं. लोक ठेकेदाराबद्दल कुजबुजत, पण मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार? आता तोच वाचनालयाचा अध्यक्ष होता.

काल जेवताना तिनं काकांना हे सगळं सांगितलं. काकांनी ताट बाजूला सारलं. “बरं केलंस, पोरी,” एवढंच म्हणाले.

व्याख्यानाआधी कपाटांच्या आडोशाला तिनं प्राध्यापकांना कॅसेट ऐकवली.

“आवाज बदललाय. खोड बदलत नाही,” ते म्हणाले. “ऐका, दुसऱ्या शब्दानंतर हा आवंढा गिळतो. वाक्य तिथं तुटतं.”

“एका वाक्यात ओळखाल?”

“बोलला तर.”

मग व्याख्यानात एकेकानं पुढे येऊन वाचनालयाचे नियम वाचले. पाने दुमडू नयेत, मजकुराखाली रेघा ओढू नयेत. त्यावरून प्राध्यापक कुणाची मावशी ओळखत, कुणाची शाळा, आणि सभागृह हसून लोळत होतं.

“काका, या की!” ठेकेदार ओरडला. “एरवी तुम्हाला गप्प करायला कंत्राट द्यावं लागतं!”

काकांनी मफलरकडे बोट दाखवून हात जोडले.

शेवटी ठेकेदार स्वतःच उठला. तिनं प्राध्यापकांकडे पाहिलं. त्यानं सगळे नियम एका दमात, न अडखळता वाचले.

“आजोळी वाढलात. आजी बोलघेवडी होती,” प्राध्यापक म्हणाले. ठेकेदार खूश होऊन बसला. प्राध्यापकांनी तिच्याकडे बघून नकारार्थी मान हलवली.

ज्याचं तोंड बघून इतकी वर्षं तिचं रक्त उकळत होतं, तो माणूस निर्दोष होता. मग आता कुणाला शोधायचं?

“आज जे बोलले, त्यांच्यातला कुणीच नाही,” निघताना प्राध्यापक हळूच म्हणाले. “कॅसेट नेतो. घरी नीट ऐकतो.”

“एकच आहे ती, सर. जपा.”

त्यांनी ती कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. काका किल्ली घेऊन शेजारीच उभे होते.

“मला हे सगळं आवरून कुलूप लावायचंय. काका सोडतील तुम्हाला स्टेशनवर,” ती म्हणाली. “वाटेत गप्पा तेवढ्या होणार नाहीत.”

गाडीचं प्राध्यापकांच्या बाजूचं दार नीट लागत नसे. तिनंच ते दोनदा ढकलून घट्ट बंद केलं आणि हात हलवला.

कोपरा मागे पडला. स्टेशनची पाटी डावीकडे राहिली.

“काका, स्टेशन तिकडे ना?”

काकांनी मफलर सोडला आणि मांडीवर ठेवला.

“आपण जरा…” खणखणीत आवाजात ते म्हणाले, आवंढा गिळला, “पुलावरून जाऊ.”