कलम पहिलं

“भिंत घालायची एवढं तर ठरलंय ना? मग कुठून घालायची तेवढं सांगा,” निवृत्त न्यायाधीश म्हणाले आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

टेबलापलीकडे दोघे भाऊ बसले होते. दोघांचं मिळून एक सलून, वडिलांनी थाटून दिलेलं. आता त्याची मधोमध वाटणी व्हायची होती. आज तोडगा निघाला नाही तर खटला पुन्हा कोर्टात, आणि निकाल लागेपर्यंत दुकानाला टाळं. थोरला खिडकीकडे बघत होता, धाकटा छताकडे. कित्येक महिने दोघांत बोलणं नव्हतं. जे सांगायचं ते मध्यस्थांना सांगत, जसा काही भाऊ परगावी राहतो.

मध्यस्थही दोन, बाप आणि लेक, आणि दोघांच्या दोन तऱ्हा. वडिलांनी उभा जन्म निकाल देण्यात घालवलेला. कुणाची बाजू कुठे लंगडी आहे, हे ते बसल्या बसल्या सांगून मोकळे होत. लेक एक प्रश्न विचारायची आणि समोरच्याला घाम फुटेपर्यंत गप्प बसायची. वडील त्याला मौनव्रत म्हणत. लेक म्हणे, बाबा अजून खुर्चीवरून उतरलेच नाहीत. तरी दारावरची पाटी दोघांची एकच होती, आणि ती तिनेच हट्टाने लावून घेतली होती.

“हे बघा, तुमचा करार तोंडी,” न्यायाधीश थोरल्याला म्हणाले. “कोर्टात टिकायचा नाही.” मग धाकट्याकडे वळले. “आणि तुमचं म्हणणं तर त्याहून टिकायचं नाही.”

“बाबा, त्यांना बोलू द्या ना.”

“मघापासून तेच करतोय. पाणी मागितलं, एवढंच काय ते बोलले.” ते उठले. “वेगळ्या खोल्यांत बसवू. चला, तुम्ही माझ्याबरोबर या.”

लेकीला हे मुळीच पटलं नाही. माणसं एकदा दोन खोल्यांत गेली की भिंत तिथूनच सुरू होते, असं तिचं मत. पण पक्षकारांसमोर वडिलांशी हुज्जत घालायची नाही, हे तिने मनाशी पक्कं केलेलं. ती बसून राहिली.

थोरला उठला आणि पाठ फिरवून दाराकडे निघाला.

“थांब!” धाकटा खुर्चीतून अर्धा उठला होता. “मागचं कुणी कापलंय?”

थोरल्याचा हात आपसूक मानेवर गेला. तिथे केसांच्या वेड्यावाकड्या पायऱ्या झाल्या होत्या, एका ठिकाणी तर कातडी दिसत होती.

“मीच. दोन आरसे लावून.”

“अरे, गल्लोगल्ली दुकानं आहेत. एखाद्यात जायचं की!”

“दुसऱ्याच्या हातात मान देऊ?” थोरला वळला. धाकट्याच्या कानांवर लोंबणाऱ्या झिपऱ्या त्याने नीट बघून घेतल्या. “तू गेलास का कुणाकडे?”

धाकट्याने झिपऱ्या कानामागे सारल्या. मिसरूड फुटल्यापासून दोघांनी एकमेकांचेच केस कापले होते. न्यायाधीशांनी बोलायला तोंड उघडलं, तशी लेकीने हळूच त्यांची बाही ओढली. ते चक्क गप्प बसले.

“भिंतीचं मागाहून बघू,” धाकटा शेवटी म्हणाला. “आधी हे लिहा, साहेब. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी हा माझे केस कापणार आणि मी ह्याचे.”

“असलं कलम कुठलंच कोर्ट अमलात आणू शकत नाही,” न्यायाधीश म्हणाले. जन्माची सवय, जाते कुठे!

“नको आणू दे,” थोरला म्हणाला. “तुम्ही लिहा.”

न्यायाधीश खाली बसले. लेक त्यांच्या खांद्यावरून वाचत होती. सांगितलं तेवढं त्यांनी सावकाश उतरवून घेतलं, पेन क्षणभर तसंच धरलं, आणि मग कुणी न सांगता पुढे जोडलं: ‘बोलणं बंद असलं तरी.’