कावळ्याच्या चोचीतलं शीत

आमच्या ह्यांना जुन्या सिगारेटच्या पाकिटांतून निघणारी पक्ष्यांची रंगीत चित्रं जमवायचा नाद. घाटकोपरचे सगळे रद्दीवाले ह्यांना नावानिशी ओळखायचे. सदुसष्ट साली शेवटी एकदाचा संच पुरा झाला. मग स्टेशनजवळच्या दादू फ्रेमवाल्याकडून सगळी चित्रं एकाच काचेखाली बसवून घेतली आणि टांगली कुठे, तर स्वयंपाकघरात, पानासमोर.

"जेवताना समोर कावळा कशाला हो?" मी चिडले.

"चित्र आहे गं ते," हे हसले.

रविवारी भात उतरवून झाकून ठेवला आणि फ्रेम पुसायला घेतली. कावळ्याच्या चोचीत भाताचं शीत होतं. त्याला काळा तीळ चिकटलेला. कालपर्यंत ही चोच रिकामी होती. मी फडक्याने घासलं, तरी जाईना. शीत काचेच्या आत होतं, अजून ओलसर.

तशीच फ्रेम उचलून दादूकडे गेले. त्याने ती उलटी करून पाहिली. मागे त्यानेच चिकटवलेला खाकी कागद जसाच्या तसा होता. मग त्याने शीत पाहिलं.

"वहिनी, घरात कुणाचं दहावं झालं काय?"

"नाही रे. आम्ही दोघंच तर असतो."

दादूने फ्रेम पालथी ठेवली. "मग तुम्ही आधी घरी जा."

घरी आले, तर हे स्वतःच वाढून घेऊन जेवायला बसले होते. पानातला भात निम्मा संपला होता.

"आज भातात तीळ कशाला घातलेस गं?" ह्यांनी विचारलं.