खुर्चीखालचा हत्ती

आत्याने भट्टीचं दार उघडलं. महिनाभर खपून घडवलेल्या चिनीमातीच्या खुर्चीचे तुकडे तुकडे झाले होते. "तुझा हत्ती नीट वाळू दे, ओली माती भट्टीत फुटते म्हणून कानीकपाळी ओरडले! तोच फुटला आणि माझी खुर्ची घेऊन गेला," ती भाचीवर कडाडली. पोर मातीचे हात धुऊन घरात गेली. आत्या तुकडे उचलू लागली, तर तळाशी हत्ती निघाला, सोंडेसकट धडधाकट. फुटला होता खुर्चीचा जाडजूड पाय. प्रदर्शनाच्या घाईत तिनेच खुर्ची पुरती न वाळवता भट्टीत लावली होती. हत्ती ओंजळीत धरून ती भाचीसमोर बसली. "चूक माझीच होती गं." भाचीने हत्ती हळूच फ्रॉकला पुसला. "मला रागावलीस ते असू दे. पण आत्या, हा बिचारा आत बसून सगळं ऐकत होता ना?"