निळ्यातला खळगा

"वहिनी, जरा मागं सरका. असली चित्रं लांबून बघायची असतात," भावजी म्हणाले.

ती सरकली नाही. नाक टेकेल इतक्या जवळून बघत राहिली. निळ्या रंगाचे जाडजूड थर, मधोमध एक पिवळा चौकोन आणि खाली कोपऱ्यात भावजींची ऐटबाज सही.

भावजी म्हणजे तिच्या नवऱ्याचे जिवलग मित्र. नवरा गेला तेव्हा "सांभाळून ठेवतो" म्हणत त्यांनी त्याची सगळी चित्रं उचलून नेली, आणि वर्षाच्या आत त्यांवर स्वतःची सही ठोकून नाव कमावलं. तिने बोंब मारली, तर लोकांनी तिलाच वेड्यात काढलं. नवऱ्याला रंग कालवून देण्यात जिचा जन्म गेला, तिचं कोण ऐकणार? तेव्हापासून ती गप्प होती. ह्या माणसाला चारचौघांत उघडं पाडल्याशिवाय मरायचं नाही, एवढंच तिने ठरवलं होतं.

मागच्या महिन्यात भावजी पुन्हा दारात उभे राहिले. "आणखी काही उरलंय का हो?" तिने मुकाट्याने पलंगाखालून हे चित्र काढून दिलं होतं.

"कधीचं आहे हे?" प्रदर्शनाला आलेल्या एका वार्ताहर बाईने विचारलं.

"झाली की तीस वर्षं. एका बैठकीत संपवलं."

"आणि हा खळगा?" सहीच्या जरा वर, निळ्या थरात कुणीतरी बोट रुतवल्यासारखी खूण होती.

"माझा अंगठा," भावजी खुलले. "ब्रशने मन भरेना. म्हटलं, हीच आपली खरी सही."

कॅमेरे लखलखले.

"नक्की तुमचाच ना, भावजी?" तिने विचारलं. "ह्यांचा नाही?"

भावजींनी सुस्कारा सोडला. "बिचारी अजून सावरलेली नाही," ते वार्ताहरांना म्हणाले, आणि मग तिच्याकडे वळले. "शपथेवर सांगतो, वहिनी. माझाच."

"मग एकदा हात लावू?"

रखवालदार पुढे झाला. भावजींनी मोठ्या मनाने त्याला अडवलं. "लावू दे रे. घरचंच माणूस आहे."

तिने अंगठा खळग्यात ठेवला. तो तिथे नेमका बसला. मग तिने जरा जोर दिला, तशी वरची साय फुटली आणि आतला ओला निळा रंग हळूहळू ओघळत भावजींच्या सहीवर उतरला.